पिंजऱ्यातील अनुत्तरित मृत्यू

सकाळी पिंजऱ्यावरचे कापड दूर करावे आणि रोजची किलबिल ऐकू येऊ नये. काल संध्याकाळपर्यंत दांडीवर झोके घेणारा पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी निश्चल पडलेला दिसावा. वाटीत राळा तसाच आहे, पाणी भरलेले आहे, अंगावर जखम नाही, मांजर आल्याची खूण नाही. घरातल्या पक्ष्याच्या मृत्यूची हकिगत बहुतेक वेळा अशीच असते. पाठोपाठ दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले घरातल्यांचे, ‘असे अचानक झाले तरी काय?’ आणि दुसरे बाहेरच्यांचे, ‘पक्षीच तर होता!’ पहिल्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही आणि दुसऱ्या वाक्यामुळे तो प्रश्न मोठ्याने विचारण्याचीही चोरी होते.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात जनावराचा मृत्यू लोकांना नवा नाही. उस्मानाबादी शेळीमुळे या जिल्ह्याचे जुने नाव देशभर पोचले. दावणीचा बैल गेला तर शेजारीपाजारी भेटायला येतात, हळहळतात, कारण त्या बैलाने घर पोसलेले असते. तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या बजरीगरने मात्र घर पोसलेले नसते. त्याने केवळ सोबत केलेली असते. त्यामुळे त्याच्यासाठी कोणी भेटायला येत नाही आणि दुःख करणाऱ्यालाच संकोच वाटू लागतो.

आजार लपवण्याची सवय

पक्ष्याचा मृत्यू आपल्याला अचानक वाटतो, पण अनेकदा तो तसा नसतो. निसर्गात पक्षी हे दुसऱ्याचे भक्ष्य असते. थव्यातला जो पक्षी मलूल दिसेल, त्याच्यावर शिकाऱ्याची झडप आधी पडते. म्हणून अंगात बळ आहे तोवर दुखणे न दाखवणे ही वृत्ती पक्ष्यांमध्ये रुजली आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या, कधीही ससाणा न पाहिलेल्या पक्ष्यातही ती कायम असते. त्यात शरीर लहान आणि चयापचय अतिशय वेगवान. एखादा दिवस खाणे बंद झाले तरी त्याची शक्ती झपाट्याने ओसरते. लक्षणे डोळ्यांना दिसतात तेव्हा आजार पुष्कळदा शेवटच्या टप्प्यात असतो. पिसे फुगवून बसणे, दिवसा डुलक्या घेणे, श्वासागणिक शेपूट खालीवर होणे, विष्ठेचा रंग बदलणे या खुणा सूक्ष्म असतात. जाणकारही त्या कधी कधी चुकवतात. ‘माझ्या लक्षात कसे आले नाही?’ या टोचणीवरचे पहिले उत्तर इथेच आहे. लक्षात येऊ नये, अशीच त्या जीवाची धडपड असते.

काही मृत्यू मात्र खरोखरच काही मिनिटांत घडतात. पक्ष्याच्या फुफ्फुसांना वायुकोशांची जोड असते आणि हवा त्यांतून जवळजवळ अखंड, एकाच दिशेने वाहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू या रचनेमुळे भरपूर मिळतो. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच वेगाने रक्तात शिरते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत आणि ही पद्धत १९८६ पर्यंत टिकून होती, ती याच कारणाने. घरात हे विष कोणते? नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून अतिशय तापला की त्याच्या लेपातून निघणारा, माणसाला जाणवतही नाही असा वायू शेजारच्या खोलीतल्या पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. गॅसची गळती, बंद खोलीतला डासांच्या कॉइलचा धूर, कीटकनाशकाचा फवारा, ताजा रंग यांचाही धोका असतो.

मराठवाड्याचा उन्हाळा हे आणखी एक कारण. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे एवढेच उपाय त्याच्यापाशी असतात. पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीतल्या पिंजऱ्यात ते अपुरे पडतात. मादीच्या पोटात अंडे अडकणे, जस्ताचा मुलामा दिलेली पिंजऱ्याची तार कुरतडून होणारी विषबाधा, रात्री फटाक्याच्या आवाजाने घाबरून पिंजऱ्यावर आदळणे, हीदेखील अशा मृत्यूंची परिचित कारणे आहेत.

ढोकीचे कावळे

कारण शोधण्याचा आग्रह हा केवळ मनाच्या समाधानाचा भाग नाही, हे या जिल्ह्याने अलीकडेच अनुभवले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये धाराशिव तालुक्यातील ढोकी येथे कावळे मरून पडू लागले. त्याआधीच्या महिन्यात शेजारच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात तसेच घडले होते. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि दोन्ही ठिकाणी निदान झाले ते बर्ड फ्लूचे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत हा रोग देशात प्रथम आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, तेव्हाही तोच निघाला. दशक्रियेच्या पिंडाला ज्याने शिवावे म्हणून माणसे तासन् तास वाट पाहतात, तो कावळा ढोकीत झाडाखाली मरून पडला होता. कोणीतरी त्याची दखल घेऊन कळवले म्हणूनच कारण उजेडात आले.

याचा अर्थ घरात मेलेला प्रत्येक पक्षी बर्ड फ्लूनेच मेला, असा मुळीच नाही. घराबाहेर न गेलेला, एकटाच असलेला पक्षी मेला तर ती शक्यता फारच कमी असते. मात्र पाठोपाठ एकाहून अधिक पक्षी दगावले, किंवा परिसरात कावळे, पारवे, कोंबड्या मरत असतील, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे आवश्यक आहे. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानेही अशा संशयाची माहिती देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. अशा वेळी मृत पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि स्वतः पुरूही नये.

एरवी एकट्या पक्ष्याच्या मृत्यूचे कारण जाणून घ्यायचे असेल तर शवविच्छेदन हाच मार्ग. त्यासाठी वेळ फार थोडा असतो. हातमोजे किंवा उलटी प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून पक्षी उचलावा, दुहेरी पिशवीत बंद करावा आणि बर्फाच्या पिशव्यांसह डब्यात ठेवावा. तो गोठवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणी अवघड होते. तालुक्याच्या दवाखान्यांचा भर गायी-म्हशी आणि शेळ्यांवर असतो. मात्र उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे विचारणा करता येते. शेवटच्या आठवड्यात खाणे काय होते, पिंजरा कुठे होता, घरात कोणता फवारा मारला होता, हे लिहून नेल्यास डॉक्टरांना मदत होते. मृत्यूनंतर घरात कोणाला ताप किंवा कोरडा खोकला आला तर पक्षी पाळल्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेतून सिटॅकोसिस हा आजार माणसाला होऊ शकतो आणि तो औषधाने बरा होतो.

एक अडचण येथे स्पष्ट सांगायला हवी. रानातून पकडलेला देशी पोपट पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरीही अनेक घरांत तो असतो आणि भीतीपोटी त्याला दवाखाना कधीच दिसत नाही. त्याचा आजारही लपतो आणि मृत्यूही.

दुःखाला जागा हवी

एवढे करूनही अहवालात ‘निश्चित कारण आढळले नाही’ असे येऊ शकते. तेथून पुढचा रस्ता मनाचा असतो. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या दुःखाकडे लक्ष वेधले. ज्याला समाज दुःख मानत नाही, ज्याच्यासाठी विधी नाही, सुट्टी नाही, सांत्वनाचे शब्द नाहीत, असे हे दुःख. पाळीव प्राण्याचा वियोग त्यातच मोडतो. वियोग लहान असतो असे नाही. तो बोलून दाखवायला जागा नसते, म्हणून तो अधिक काळ सलतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत तर पक्ष्याच्या आवाजावर सारा दिवस बेतलेला असतो. तो आवाज थांबला की घर एकदम रिकामे होते.

कारण सापडले नाही की मन दोषी शोधते आणि पुष्कळदा स्वतःलाच पकडते. खिडकी उघडी राहिली, दाणे बदलले, सुट्टीत गावाला गेलो, अशी उजळणी सुरू होते. या उजळणीतून भावी काळजीसाठी एखादी गोष्ट हाती लागली तर ती जरूर घ्यावी. पण जे आज कळले, ते काल माहीत नव्हते; त्यासाठी कालच्या स्वतःला शिक्षा देण्यात अर्थ नाही.

मुलांशी मात्र खरे बोलावे. ‘उडून गेला’ म्हटले तर मूल खिडकीत बसून वाट पाहते; ‘झोपला’ म्हटले तर त्याला झोपेचीच भीती वाटू लागते. ‘तो मेला, आता परत येणार नाही, का मेला ते आपल्यालाही नीट कळलेले नाही,’ एवढे सांगितले तरी पुरते. मोठ्यांनाही सगळे कळत नसते, हे मुलाला कधीतरी समजायचेच असते. दुसऱ्याच दिवशी तशाच रंगाचा पक्षी आणून पोकळी झाकण्याचा मोहही टाळावा. जोडीतला एक उरला असेल तर तो काही दिवस हाका मारतो, कमी खातो. त्याच्याजवळ बसावे आणि त्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवावे. नवा पक्षी आणायचाच झाला तर कारणाचा उलगडा, पिंजऱ्याचे निर्जंतुकीकरण आणि किमान महिनाभर विलगीकरण आवश्यक.

संसर्गाचा संशय नसेल तर अंगणात, विहिरीपासून दूर, खोल खड्डा घेऊन पक्ष्याला पुरता येते. घरातल्या सर्वांनी मिळून मूठ मूठ माती घालणे याला कोणी भाबडेपणा म्हणेल. पण याच जिल्ह्यात, येडशीजवळच्या रामलिंगच्या दरीत, घायाळ जटायूची आणि श्रीरामाची भेट तेथेच झाली, अशी लोकांची श्रद्धा आहे. रामायणात राम एका पक्ष्यासाठी शोक करतो, त्याला पित्यासमान मानून त्याचे अंत्यसंस्कार करतो आणि त्याबद्दल कोणीही त्याला हसत नाही. पक्ष्यासाठी रडण्याची परवानगी या मातीने फार पूर्वीच देऊन ठेवली आहे.

पिंजरा धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर जाईल. ‘का?’ हा प्रश्न काही घरांत सुटेल, काही घरांत सुटणार नाही. पण जे तपासता येते ते तपासले, जे कळवायचे ते कळवले आणि दुःख मोकळेपणाने बोलले, तर न सुटलेला प्रश्नही घरात राहू शकतो. त्याचा अपराध होत नाही.