मोटारसायकलीच्या शॉकअपांची तेलगळती व तिचें खरें मूळ

पूर्वीं दारांतील बैलजोडी हीच शेतकऱ्याची दौलत समजली जाई. आज बैलांशेजारीं, व पुष्कळ ठिकाणीं बैलांच्या जागींच, मोटारसायकल उभी असते. डेअरीस दूध न्यावयाचें, खताची गोणी आणावयाची, मुलांस शाळेंत पोंचवावयाचें, हा सारा भार तिजवर. बैल लंगडूं लागला तर आपण तत्काळ त्याचा खूर उचलून पाहतों. पण गाडीच्या पुढील शॉकअपांतून तेल झिरपूं लागलें तर "पुढल्या बाजारीं पाहूं" म्हणून सोडून देतों. हा आळस आम्हांस महाग पडला. आमच्या वाचकांस तो पडूं नये, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

आमची गाडी शंभर सी.सी.ची व बावीस वर्षांची. तिच्या डाव्या शॉकअपाचें ऑइल सील आम्हीं तीन वर्षांत तीन वेळां बदलविलें. दर खेपेस दोन-तीन महिने गळती थांबे व पुन्हां पूर्ववत् सुरू होई. शेवटीं कंटाळून आम्हीं नळीभोंवतीं जुन्या धोतराचें फडकें गुंडाळलें आणि प्रकरण निकालीं काढलें. २०२३ सालच्या आश्विनांत एके पहांटे आमचे चिरंजीव दुधाचे दोन कॅन लावून नदीच्या उतारास लागले. खड्डा पाहून त्यांनीं ब्रेक दाबला, तोंच गाडीचें तोंड एकदम खालीं बसलें, चाक उसळलें व ते दगडांवर पडले. दूध गेलें त्याचें कांहीं नाहीं. परंतु उजव्या हाताचें हाड मोडलें आणि ऐन रब्बीच्या पेरणींत दीड महिना हात गळ्यांत राहिला. महसूल कचेरींत आमची उभी हयात दुसऱ्यांचे पंचनामे लिहिण्यांत गेली. घरच्या गाडीची पाहणी मात्र अपघातानंतर झाली. दोष सर्वस्वी आमचा.

आतां हें यंत्र काय आहे तें पाहूं. चाकाच्या दोन्ही अंगांस एकेक चकचकीत पोलादी नळी असून ती खालच्या पोकळ भागांत वरखालीं सरकते. त्या खालच्या भागास मिस्त्रीलोक बॉटम म्हणतात. आंत स्प्रिंग व तेल असतें. स्प्रिंग धक्का झेलते, आणि तेल बारीक छिद्रांतून जातां-येतां तिची उसळी आवरतें. तेलाच्या योगें उसळी आवरणारा असा शॉकअप विक्रीच्या मोटारसायकलीस प्रथम जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कारखान्यानें १९३५ सालीं आपल्या आर-१२ या गाडीवर बसविला. तेल कमी झालें म्हणजे स्प्रिंग बेलगाम होते. शिवाय बाहेर आलेलें तेल ओघळत ब्रेकापर्यंत पोंचलें तर ब्रेकही धरीत नाहीं. तेल आंत राखण्याचें काम नळीस घट्ट बिलगलेल्या एका रबरी कड्याचें. हेंच ऑइल सील.

तालुक्याच्या एका वृद्ध मिस्त्रीनें आमचें फडकें सोडलें, नळी पुसली व तिजवरून अंगठ्याचें नख फिरविलें. नख अडकलें. तो म्हणाला, "तात्या, सील बिचारं काय करील? पाइपच गंजानं खाल्लाय." नळीवर मोहरीएवढे तीन खड्डे होते. चाक वरखालीं होई तसतसे त्या खड्ड्यांचे कंगोरे नव्या सीलाचा ओठ कुरतडीत. आणखी लाजेची गोष्ट अशी कीं, ज्या फडक्यानें आम्ही नळी राखूं पाहत होतों, त्यानेंच ओल व धूळ धरून ठेवून गंज वाढविला आणि गळती मात्र आमच्या दृष्टीआड केली! बांधांतून पाणी जाऊं लागलें तर वरून माती लोटून भागत नाहीं. खेंकड्याचें बीळ हुडकावें लागतें. येथेंही न्याय तोच.

म्हणून गळती दिसतांच प्रथम नळी पुसून नख फिरवावें. ती गुळगुळीत असेल तर सीलाखालीं केवळ कचरा अडकला असण्याचा संभव असतो. वरची रबरी टोपी उचलून, जुन्या एक्स-रे फिल्मची अरुंद, गुळगुळीत कडेची पट्टी नळीलगत आंत सरकवावी व सभोंवार फिरवून घाण काढावी. पुष्कळदां एवढ्यानेंच गळती थांबते. न थांबल्यास सील बदलावें. सील जेथवर घांसतें त्या भागांत खड्डे असतील, तर बारीक पॉलिश पेपरनें कंगोरे मारून कांहीं दिवस निभतें. परंतु खड्डे खोल असल्यास नळी बदलणें किंवा तिजवर नव्यानें क्रोम चढविणें, हाच खरा उपाय. नळी वांकली असल्यास सपाट कांचेवर लोळवितांच कळून येतें.

सील बदलतांना पुढील गोष्टी मिस्त्रीकडून करवून घ्याव्या. गाडीगाडीप्रमाणें थोडा भेद पडेल. इंजिनाखालीं भक्कम ठोकळा देऊन पुढील चाक अधर करावें. नळीच्या माथ्यावरील बोल्ट, नळी अद्याप वर आवळलेली असतांनाच ढिला करावा; पूर्ण काढतांना तोंड बाजूस ठेवावें, कारण खालीं स्प्रिंग दाबलेली असते. बॉटमच्या तळाचा ॲलन बोल्टही स्प्रिंग आंत असतांनाच सैल करावा, नाहींतर आंतील दांडा त्याबरोबर फिरत राहतो. सीलावरील तारेचें कडें काढून जुनें सील उपसतांना आंतील भिंतीस ओरखडा पडूं देऊं नये. नवें सील तेलांत भिजवून, नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून मगच चढवावें. बारीक स्प्रिंग दिसणारी बाजू खालीं, तेलाकडे असावी. योग्य मापाच्या नळकांड्यानें तें सर्व बाजूंनीं सारखें ठोकावें. तारेच्या कड्याची खांच पूर्ण दिसली म्हणजे बसलें. तळच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घालावा. तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें व मापून, दोन्ही बाजूंस अगदीं सारखें ओतावें, अंदाजपंचें नको. सीलेंही दोन्ही बाजूंचीं एकदमच बदलावीं. ब्रेकच्या लायनर तेलानें भिजल्या असतील तर त्या बदलाव्या. पुसून काम भागत नाहीं.

चिखलांतून किंवा खताची गोणी वाहून आल्यावर दोन्ही नळ्या स्वच्छ पाण्यानें धुवाव्या, कोरड्या पुसाव्या व तेलाचा पुसट हात द्यावा. रबरी टोपी फाटतांच नवी घ्यावी. फडकें मात्र कधींही बांधूं नये.

आम्हीं नवी नळी घालून आतां दोन पावसाळे लोटले. नळी कोरडी आहे. तीन वेळच्या सीलांच्या व मजुरीच्या पैशांत ही नळी पहिल्याच वर्षीं आली असती, आणि चिरंजीवांचा हात शाबूत राहिला असता. तरी वाचकांनीं हा अंक खालीं ठेवून आधीं दारांतील गाडीच्या नळ्यांवरून नख फिरवून पाहावें, अशी आमची विनंती आहे.