विमानाच्या प्रतिकृतीचें नवें इंजिन

इटियाडोह धरणाखालील धानाच्या बांध्यांना कालव्याचें पाणी मिळतें. जेथें तें चढत नाहीं, तेथें डिझेलचा पंप लावावा लागतो. नव्या पंपावर जाणता शेतकरी पहिल्याच दिवशीं पुरा भार टाकीत नाहीं. धातूचे भाग एकमेकांशीं घांसून नीट बसेपर्यंत तो धीर धरतो. विमानाच्या प्रतिकृतीस लावण्याच्या मुठीएवढ्या इंजिनासही हाच न्याय लागू आहे. जिज्ञासु बालवाचकांकरितां तो विषय आम्ही थोडक्यांत मांडतों.

पंपांत वंगणाचें तेल तळाशीं निराळें असतें. ह्या चिमुकल्या इंजिनांत तें इंधनांतच मिसळलेलें असतें. मिथेनॉल हा मद्यार्क आणि शेंकडा सुमारें २० भाग तेल, बहुधा आपलें एरंडेल, असें तें मिश्रण होय. ठिणगीऐवजीं प्लॅटिनमयुक्त तारेचा ग्लो प्लग असतो. रे आर्डेन ह्या अमेरिकन संशोधकानें तो १९४७ सालीं बाजारांत आणला. दीड व्होल्टच्या बॅटरीनें तार तापते. पुढें बॅटरी काढली तरी मिथेनॉलच्या संयोगानें ती तप्तच राहते. ह्यावरून मुख्य तत्त्व ध्यानांत येईल: इंधन कमी झालें कीं तेलही कमी झालें.

म्हणून आरंभीं इंजिन भक्कम लांकडावर घट्ट बसवून इंधनाची सुई थोडी अधिक उघडी ठेवावी. तेव्हां इंजिन एक फेरा सोडून पेट घेतें व जाड आवाज करितें. दोनदोन मिनिटें चालवून मध्यें निवूं द्यावें. असे कांहीं खेळ झाल्यावर सुई किंचित् किंचित् मिटीत न्यावी. मात्र पितळी नळकांड्यास क्रोमचा मुलामा असल्यास तें फार थंड चालवूं नये. तेथें कारखानदाराच्या सूचना पाळाव्या.

इंजिन मुळींच पेटत नसेल, तर प्लग काढून बॅटरीस जोडून पाहावा. तार नारिंगी उजळली नाहीं, तर दोष प्लगांत किंवा बॅटरींत आहे. तार उजळते, पण आंत इंधन तुंबलें असेल, तर प्लग काढून तें निथळूं द्यावें. क्षणभर चालून थांबल्यास नळी, टांकी व सुईतील कचरा पाहावा. बॅटरी काढतांच बंद पडल्यास मिश्रणांत इंधन फार आहे, प्लग जुना आहे, किंवा इंधन ओलावलें आहे असें समजावें. मिथेनॉल हवेंतील पाणी शोषतो. म्हणून जलाशयाकांठच्या पावसाळी हवेंत डबा उघडा ठेवूं नये. आवाज उंच चढून मग खचूं लागला, तर इंधन अपुरें पडत आहे. सुई तत्काळ उघडावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर खरें कारण कळत नाहीं.

शेवटीं सावधगिरी. मिथेनॉल विष आहे. पोटांत गेल्यास डोळे जातात, प्राणही जातो. त्याची ज्वाळा भर उन्हांत दिसत नाहीं. पंखा बोटानें न फिरवितां काठीनें फिरवावा, त्याच्या पातळींत तोंड आणूं नये, आणि वडील माणूस जवळ असल्याशिवाय हा खेळ आरंभूं नये. घाईनें बिघडलेलें इंजिन पुन्हां आणतां येईल. डोळा आणतां येणार नाहीं.