महाकाय कृष्णविवरे : उगम आणि वाढ

कोणतीही गोष्ट कारणावाचून उद्भवत नाही, हा तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा होय. विद्यार्थ्यांना हे तत्त्व समजावून सांगताना आपण रोजच्या जीवनातील दाखले देतो. तेच तत्त्व आकाशातील एका गूढ वस्तूला लावून पाहण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमधील सायंकाळी पनवेलच्या नैर्ऋत्य आकाशात धनू रास दिसते. त्याच दिशेला सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. तेथे सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. ते स्वतः दिसत नाही. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षे मोजून त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी अशी कृष्णविवरे आढळतात. एम-८७ या दीर्घिकेतील कृष्णविवर तर सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे. २०१९ मध्ये त्याच्या छायेचे चित्र जगाने पाहिले.

ही कृष्णविवरे एवढी मोठी कशी झाली? सभोवतालचा वायू चकतीसारखा फिरत फिरत आत पडतो आणि वस्तुमान वाढत जाते. मात्र पडणारा वायू तापून प्रखर प्रकाश फेकतो व तो प्रकाश मागून येणाऱ्या वायूला बाहेर ढकलतो. म्हणून वाढीच्या वेगाला मर्यादा पडते. या मर्यादेत पोटभर वायू मिळत राहिला, तरी वस्तुमान दुप्पट होण्यास साधारण साडेतीन कोटी वर्षे लागतात.

खरा पेच येथेच आहे. विश्व केवळ ६९ कोटी वर्षांचे असतानाचे, सूर्याच्या ८० कोटी पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर शास्त्रज्ञांना सापडले आहे. मृत ताऱ्यापासून उरलेले, सूर्याच्या १०० पट वस्तुमानाचे बीज धरले, तर तेथवर पोहोचण्यास त्याने २३ वेळा दुप्पट व्हायला हवे. त्यासाठी ८० कोटी वर्षे लागतील. तेव्हा विश्वाचे वयच तेवढे नव्हते! म्हणून दुसरा विचार पुढे आला : आरंभीच्या काळात वायूचा प्रचंड ढग तारे न बनवता थेट कोसळला असेल, तर बीजच सूर्याच्या लाखभर पट असू शकते. मग १३ वेळा दुप्पट होणे पुरते. त्याला सुमारे ४५ कोटी वर्षे लागतात आणि हिशेब जुळतो. भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन यांनी सहकाऱ्यांसह ही कल्पना विकसित केली. २०२३ मध्ये यूएचझेड-१ या अतिदूरच्या दीर्घिकेत तिला पाठबळ देणारा पुरावा मिळाला. तरीही काही कृष्णविवरे लहान बीजांपासून, मर्यादा ओलांडून वाढली असतील, ही शक्यता अद्याप मिटलेली नाही.

वाढीचा आणखी एक मार्ग म्हणजे विलीनीकरण. दोन दीर्घिका एकत्र आल्या की त्यांची कृष्णविवरेही एकमेकांभोवती फिरू लागतात आणि अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात. या लहरींचा मागोवा आपल्याच महाराष्ट्रात घेतला जातो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. स्पंदक ताऱ्यांचे अत्यंत नियमित ठोके टिपून, त्यांतील सूक्ष्म फरकांवरून या लहरी शोधल्या जातात. जून २०२३ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांसह भारतीय व जपानी शास्त्रज्ञांच्या गटाने अशा लहरींचा पुरावा जाहीर केला. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हेच त्यांचे सर्वांत संभाव्य कारण मानले जाते.

केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नये, असे कालाम सुत्त सांगते. प्रकाशही ज्यातून सुटत नाही, तेही पुराव्याने जाणता येते, हे विज्ञान दाखवते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरते. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपल्या मुलांना एकदा तरी तेथे न्यावे, अशी आमची विनंती आहे. या प्रश्नाचे राहिलेले उत्तर त्यांच्यापैकीच कोणी शोधणार नाही, असे कोणी म्हणावे?