या आठवड्यात कोणते कॉमिक घ्यावे? चंदीगडच्या वाचकापुढील जुना पेच

दर आठवड्याला बाजारात येणाऱ्या नव्या सुपरहिरो कॉमिक्सपैकी कोणती विकत घ्यावीत, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळ वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत : खिशातले मर्यादित पैसे, कधीही न संपणाऱ्या कथा आणि निवड चुकली तर होणारा तोटा. हा तोटा कोणी सोसायचा, यावर अमेरिकेत एक स्वतंत्र व्यापारपद्धती उभी राहिली. चंदीगडसारख्या उत्तर भारतीय शहरात त्याचे उत्तर दीर्घकाळ भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानाने दिले. ते दुकान आता जवळजवळ दिसेनासे झाले आहे आणि निवडीचा सारा भार वाचकावर येऊन पडला आहे.

आठवड्याला एकच अंक

भारतीय वाचकाला आठवड्याच्या कॉमिकची सवय लावली ती इंद्रजाल कॉमिक्सने. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. अमेरिकी लेखक ली फॉक यांचा फँटम हा तिचा पहिला नायक होता. मराठी घरांत तो 'वेताळ' या नावाने पोहोचला. आरंभी मासिक असलेली ही मालिका पुढे पाक्षिक आणि १९८० च्या दशकात साप्ताहिक झाली. १९९० मध्ये ती बंद पडली, तोवर तिचे ८०३ अंक निघाले होते.

इंद्रजालच्या वाचकाला निवडीचा फारसा त्रास नव्हता. प्रकाशक एक, अंकही एकच. या खेपेला वेताळ आहे, जादूगार मँड्रेक आहे की फ्लॅश गॉर्डन, एवढाच प्रश्न असे. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चित्रित केलेला 'बहादूर' त्यात आला, तेव्हा जीन्सवर कुर्ता घालणारा आणि डाकूंशी लढणारा एक देशी नायक वाचकाला मिळाला. शिवाय बहुतेक कथा एकाच अंकात पूर्ण होत किंवा दोन-तीन अंकांत आटोपत. एखादा अंक चुकला म्हणून पुढचे सारे निरर्थक होईल, अशी वेळ क्वचितच येई.

दिल्लीहून येणारा 'सेट'

खरा पेच १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निर्माण झाला. त्या काळात हिंदी कॉमिक्सचे प्रकाशक एकामागून एक पुढे आले. डायमंड कॉमिक्सकडे प्राण यांचे चाचा चौधरी आणि साबू होते. मनोज आणि तुलसी ही नावेही जोरात होती. राज कॉमिक्सने १९८६ मध्ये 'नागराज' आणि १९८७ मध्ये 'सुपर कमांडो ध्रुव' आणला. पुढे १९९० च्या दशकात, कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईच्या गुन्हेगारांवर तुटून पडणारा 'डोगा' आला.

नागराजशी मराठी वाचकाचे एक नाते आहे, ते फारसे सांगितले जात नाही. परशुराम शर्मा यांनी लिहिलेल्या या नायकाला पहिले रूप दिले ते प्रताप मुळीक यांनी. हे पुण्याचे चित्रकार 'अमर चित्र कथा'तील पौराणिक व ऐतिहासिक चित्रांसाठी आधीपासूनच परिचित होते. हिरव्या खवल्यांच्या देहाचा, मनगटांतून साप सोडणारा हा नायक त्यांच्या रेषेमुळे पौराणिक पात्रासारखा भारदस्त वाटे. ध्रुवची घडण अगदी वेगळी होती. अनुपम सिन्हा यांच्या या नायकाकडे कोणतीही अतिमानवी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला हा मुलगा कसरत, विज्ञान आणि प्रसंगावधान यांवर लढतो. नागराज की ध्रुव, हा वाद उत्तर भारतातील एका पिढीने शाळेच्या मधल्या सुट्टीत घातला आहे आणि तो अद्याप निकाली निघालेला नाही.

ही कॉमिक्स एकेकटी येत नसत. प्रकाशक काही अंकांचा एक 'सेट' एकदम बाजारात आणी. त्यात दोन-तीन नामांकित नायक आणि सोबत काही कमी परिचित पात्रे असत. नेहमीच्या अंकाशेजारी 'विशेषांक' असे. त्याची पाने अधिक आणि किंमतही सुमारे दुप्पट. कधी सोबत स्टिकर फुकट मिळे. आतल्या पानांवर आगामी सेटच्या जाहिराती छापलेल्या असत. राज कॉमिक्सच्या 'ग्रीन पेज' या सदरातून संपादक वाचकांशी थेट बोलत. पुढच्या सेटची उत्कंठा निर्माण करण्याची पूर्ण व्यवस्था अंकाच्या आतच होती.

दिल्लीहून सुमारे २५० किलोमीटरवर असलेल्या चंदीगडला हा माल पोहोचणे अवघड नव्हते. या शहराची रचनाही अशा व्यापाराला सोयीची. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असून, त्यातून दुकानांचा एक रस्ता आडवा जातो. दूध, भाजी, वह्या, वर्तमानपत्रे सारे तेथेच मिळावे आणि मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यामागचा विचार. मोठ्या पुस्तकदुकानांसाठी लोक सेक्टर १७ मध्ये जात. नागराजसाठी तितक्या दूर जाण्याची गरज नव्हती.

भाड्याच्या दुकानाचे गणित

उत्तर भारतातील बहुतेक शहरांप्रमाणे येथेही अनेक मुलांनी बहुतांश कॉमिक्स विकत घेतलीच नाहीत. ती भाड्याने वाचली. दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले अंक, थोडी अनामत आणि दिवसाचे ठरलेले भाडे, एवढ्यावर हा व्यवसाय चाले. जोडीला वह्या-पेन्सिली किंवा गोळ्या-बिस्किटेही विकली जात.

समजण्यासाठी एक साधा हिशेब पाहता येईल. अंकाची किंमत ८ रुपये आणि दिवसाचे भाडे १ रुपया धरल्यास, खाऊच्या २० रुपयांत दोन अंक विकत मिळतात. भाड्याने मात्र त्याच पैशांत वीस अंक वाचून होतात. दुकानदाराच्या बाजूने पाहिल्यास आठ गिऱ्हाइकांत अंकाची किंमत वसूल होते आणि नवव्यापासून नफा सुरू होतो. अर्थात तोवर पाने सुटलेली नसली पाहिजेत.

या व्यवहारात निवडीची जोखीम दुकानदार उचलत असे, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. एखाद्या नव्या नायकाचा अंक रटाळ निघाला, तर मुलाचा एक रुपया जाई. दुकानदाराचे बाकीचे पैसे मात्र अडकत. म्हणून तो नागराजच्या दोन-तीन प्रती घेई आणि अपरिचित पात्राची एकच. कोणते पान दुमडले आहे, कोणता अंक परत यायला वेळ लागतो, यावरून त्याला वाचकाची नाडी कळे. वाचकासाठी हे दुकान एक चाळणी होते. आधी वाचायचे आणि पुन्हा वाचावेसे वाटले तरच विकत घ्यायचे. कपाटात जमलेला संग्रह मग आपोआपच निवडक होई.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा प्रकार नवा नाही. महाराष्ट्रात गल्लोगल्लीच्या फिरत्या वाचनालयांनी हेच काम केले. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि चित्रपट व्यवसायात नावारूपाला आलेल्या शेमारूची सुरुवातही १९६२ मध्ये मुंबईत पुस्तके भाड्याने देण्यापासूनच झाली होती.

प्रकाशकांसाठी ही व्यवस्था दुधारी होती. एक प्रत अनेकांनी वाचली म्हणजे तितक्या प्रती विकल्या गेल्या नाहीत, असे म्हणता येते. पण ज्या मुलांकडे अंक विकत घेण्याइतके पैसे नव्हतेच, ती मुले वाचक झाली ती याच मार्गाने. १९९० च्या दशकात केबल टीव्ही आणि व्हिडिओ गेम घरोघरी आले, संध्याकाळचा वेळ तिकडे गेला आणि ही दुकाने एकेक करून बंद पडू लागली. त्यांच्यापाठोपाठ मनोज आणि तुलसीसारखी प्रकाशनेही थांबली. या दोन घटनांकडे वेगवेगळे पाहणे चुकीचे ठरेल.

अमेरिकेतील बुधवार

अमेरिकेतही आरंभी कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या ठेल्यांवरच मिळत. १९३८ मध्ये सुपरमॅनचे पदार्पण झालेला अंक १० सेंटला विकला गेला. न विकलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत जात, म्हणजे तोटा प्रकाशकाचा. १९७० च्या दशकात फिल स्यूलिंग यांनी वेगळी वाट काढली. खास कॉमिक्सच्या दुकानांनी अधिक सवलतीत माल घ्यावा, मात्र तो परत करू नये, अशी ही पद्धत होती. जोखीम तेव्हापासून दुकानदाराकडे आली. मग दुकानदाराने ती वाचकाबरोबर वाटून घेतली. वाचक आपल्याला हव्या असलेल्या मालिकांची यादी दुकानात देऊन ठेवतो, दुकानदार त्यानुसार आगाऊ मागणी नोंदवतो आणि बुधवारी नवा माल आला की यादीतील अंक बाजूला काढून ठेवतो.

ही यादी सोयीची असली, तरी तीत एक खोच आहे. नाव एकदा घातले की ते काढायला मन धजत नाही. कथा महिनोन्महिने चालते. मध्येच दहा मालिकांना गुंफणारा एखादा महाप्रसंग येतो आणि एका नायकाची कथा समजण्यासाठी इतर चार नायकांचे अंक घ्यावे लागतात. भारतीय प्रकाशकांनीही हे तंत्र उचलले. राज कॉमिक्सची 'नागायण' ही रामायणाच्या धर्तीवरची मालिका आठ कांडांत विभागलेली होती. पहिले कांड हाती घेणाऱ्याने प्रत्यक्षात आठ अंकांचा खर्च स्वीकारलेला असे.

संग्रहमूल्याचा मोह त्याहून घातक ठरला. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी उचलल्या. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पाकिटात बंद करून विकण्यात आला. पुढे मोठी किंमत येईल, या आशेने लोकांनी तो न उघडता ठेवला. जी वस्तू लाखो घरांत जपून ठेवलेली आहे ती दुर्मीळ होऊ शकत नाही, हे साधे सत्य थोड्याच काळात उघड झाले. असंख्य दुकाने बुडाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीनेच दिवाळखोरीसाठी अर्ज केला. जुना सुपरमॅन महाग आहे, कारण त्या काळी तो वाचून रद्दीत गेला.

आजचा हिशेब

चंदीगडमधील आजच्या वाचकापुढे दोन्ही बाजार खुले आहेत, पण चाळणी नाही. अमेरिकी अंकाची छापील किंमत साधारणपणे ३.९९ ते ४.९९ डॉलर असते. डॉलरचा भाव ८५ रुपये धरल्यास हे ३४० ते ४२५ रुपये होतात आणि टपालखर्च वेगळा. वीस-बावीस पानांच्या, अर्धवट कथेसाठी ही रक्कम मोठी आहे. म्हणून भारतीय वाचकाने सुटा अंक सोडून पाच-सहा अंकांचे एकत्रित पुस्तक येण्याची वाट पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते. तोवर त्या कथेविषयीची मतेही पुढे आलेली असतात. पडद्यावर वाचायची तयारी असेल, तर मार्व्हलच्या वर्गणी सेवेत नवे अंक सुमारे तीन महिन्यांनी उपलब्ध होतात.

हिंदी कॉमिक्सची स्थिती निराळी आहे. राज कॉमिक्सच्या व्यवसायाची २०२० नंतर कुटुंबात वाटणी झाली आणि संजय गुप्ता व मनोज गुप्ता या बंधूंच्या नावांनी स्वतंत्र प्रकाशने सुरू झाली. एकाच जुन्या कथेच्या दोन आवृत्त्या बाजारात दिसू लागल्या. कागद, आकार, मुखपृष्ठ आणि किंमत पाहून त्यांतून निवड करावी लागते. लहान प्रकाशक अनेकदा आगाऊ नोंदणी घेऊन त्या अंदाजाने छपाई करतात. म्हणजे अंक चाळून पाहण्याआधीच पैसे द्यावे लागतात. ठेल्याच्या काळात प्रकाशकाकडे आणि नंतर दुकानदाराकडे असलेली जोखीम येथे थेट वाचकाच्या पदरात पडते.

अशा वेळी जुन्या सवयी उपयोगी पडतात. नायकापेक्षा लेखक आणि चित्रकाराचे नाव आधी पाहावे. ध्रुवच्या वाचकांनी अनुपम सिन्हा यांचे नाव असेच हेरून ठेवले होते. मालिका किती भागांची आहे, हे पहिल्या भागापूर्वी विचारावे. पर्यायी मुखपृष्ठासाठी जास्त पैसे मोजताना आतली पाने तीच असतात, हे लक्षात घ्यावे. आणि नोंदणीची मुदत संपत आल्याच्या जाहिरातीने घाई करू नये. खपलेल्या अंकाचे पुनर्मुद्रण होण्याची शक्यता पूर्वीपेक्षा आज बरीच अधिक आहे.

यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे चार मित्रांनी चार वेगवेगळे अंक घेऊन आपसांत फिरवणे. भाड्याच्या दुकानाचेच हे घरगुती रूप. फक्त संग्राहकांसाठी मोहोरबंद विकल्या जाणाऱ्या आवृत्त्यांना ते लागू पडत नाही. त्यांचे वेष्टन फोडले की किंमत उतरते, म्हणून विकत घेणाराही त्या अनेकदा वाचत नाही.