साचा चालू असताना

लॉवेलच्या बूट मिलमध्ये विणकाम खात्यात शिरण्याआधी कानात घालायला बोळे देतात. आत 88 साचे, म्हणजे यंत्रमाग. एका वेळी त्यातले थोडेच चालवतात, तरी धोट्याच्या दणक्याने पायाखालची जमीन थरथरते. शेजारच्या मैत्रिणीशी बोलायचं तर तिच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. वर्गात ‘औद्योगिक क्रांती’चे पाच परिणाम पाठ करून आलेली मुलं इथे गप्प होतात.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे गाव कापडासाठीच वसवलं गेलं. मेरिमॅक नदी इथल्या पॉटकेट धबधब्यावर 32 फूट खाली येते. तेच पाणी कालव्यांतून वळवून गिरण्यांची चाकं फिरवली. ज्याचं नाव गावाला दिलं, तो फ्रान्सिस कॅबट लॉवेल ब्रिटनमध्ये फिरून तिथला यंत्रमाग डोक्यात साठवून परतला होता. 1817 मध्ये तो वारला. 1822 साली सुरू झालेलं हे गाव त्याने पाहिलंच नाही. 1978 पासून हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. इथलं सॉन्गस औद्योगिक इतिहास केंद्र राष्ट्रीय उद्यान सेवा आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची लॉवेल शाखा मिळून चालवतात.

इथली सहल आखताना शिक्षकाला काय बघायचं याआधी मुलांनी काय करायचं हे ठरवावं लागतं. केंद्राच्या एका कार्यशाळेत कालवे आणि पाणचक्क्या रचून पाणी सोडून बघता येतं. दुसऱ्या कार्यशाळेत कापूस पिंजून, कातून, विणता येतो. तिसऱ्या कार्यशाळेत मुलं कामगार होतात. रांगेत उभं राहून ठरलेलं काम करायचं, मग कामाचा वेग वाढतो, मजुरी कापली जाते. पुढे काय करायचं, ते मुलांनी ठरवायचं. एकच निवडायची मुभा असेल तर मी हीच कार्यशाळा घेईन.

कारण इथे खरंच असं घडलं होतं. 1834 मध्ये मजुरी कापली म्हणून आणि 1836 मध्ये खानावळीचा खर्च वाढला म्हणून गिरण्यांत काम करणाऱ्या मुली काम टाकून बाहेर पडल्या. दुसऱ्या संपात आपल्या खात्यातल्या मुलींच्या पुढे चालत बाहेर पडलेली हॅरिएट हॅन्सन अकरा वर्षांची होती. ती डॉफर होती. भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायच्या, तासातली पंधराएक मिनिटं. पण दिवस जवळजवळ चौदा तासांचा. आपल्याकडे अकराव्या वर्षी मूल सहावीत असतं. म्हणून सहावीचाच वर्ग न्यावा, असं माझं मत.

सहलीच्या आधी एक तास मात्र वर्गातच खर्चावा. गिरणीत येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असायचा, आणि त्या गुलामांच्या अंगावरचं जाडंभरडं कापडही लॉवेलमध्ये विणलं जाई. हे माहीत नसेल तर पिंजणाचा खेळ नुसता खेळच राहतो. आणि एका दिवसात एकच ठिकाण! ‘सकाळी गिरणी, दुपारी वॉटर पार्क’ ही आपली रीत इथे उपयोगाची नाही.

मुंबईचा या गोष्टीशी संबंध आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, कापूस अडला, लॉवेलच्या बऱ्याच गिरण्या थंडावल्या आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांची चांदी झाली. कावसजी दावर यांनी ताडदेवला गिरणीची कंपनी काढली होती ती त्याआधीच, 1854 मध्ये. पुढे गिरणगावातही खानावळी आल्या. लॉवेलच्या गिरण्यांतल्या घंटेच्या जागी इथे भोंगा आला.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय उभारायचं काम महापालिकेने हाती घेतलं आहे. तिथे काचेआडचे साचे नकोत. निदान दोन तरी चालते ठेवा, आणि ते चालवून दाखवायला गिरणीतलाच माणूस बोलवा. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संपात उतरलेला वीस वर्षांचा साचेवाला आता साठी ओलांडून बसला आहे.