उभी मांडणी जरा थांबू द्या

दुसरी-तिसरीतल्या मुलाची गणिताची वही संध्याकाळी उघडली की हल्ली बऱ्याच घरांत कोडे पडते ते पालकांना. ५२ मधून २७ वजा करायचे आहेत. पण संख्या एकाखाली एक मांडलेल्या नाहीत, हातच्याचा पत्ता नाही. एक आडवी रेघ आहे. तिच्यावर २७ पासून ३० पर्यंत छोटी उडी, ३० पासून ५० पर्यंत मोठी उडी आणि ५० पासून ५२ पर्यंत पुन्हा छोटी उडी. खाली लिहिले आहे : ३ + २० + २ = २५. वजाबाकीच्या गणितात बेरीज पाहून आई-वडील चक्रावतात आणि ‘इतके सोपे तर आहे’ म्हणत दोन ओळींत उभी वजाबाकी करून दाखवतात. उत्तर तेच येते, वेळही कमी लागतो. मग शाळेने एवढा खटाटोप कशाला मांडला आहे? प्राथमिक गणिताच्या नव्या अभ्यासक्रमाबद्दल पालकांना वाटणाऱ्या बहुतेक शंका या एका प्रश्नात सामावलेल्या आहेत. त्याचे थोडक्यात उत्तर असे, की गणितातला आशय फारसा बदललेला नाही. बेरीज, वजाबाकी, पाढे, भागाकार सगळे जागच्या जागी आहे. बदलला आहे तो शिकवण्याचा क्रम. आणि हा क्रम बिघडवण्याचे काम पुष्कळदा घरीच, तेही चांगल्या हेतूने होते.

हा बदल एका रात्रीत आलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसरीपर्यंतची साक्षरता आणि संख्याज्ञान ही शाळेची सर्वांत निकडीची जबाबदारी ठरवली. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले आणि २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाने तिसरीअखेर हा पाया गाठावा, असे उद्दिष्ट ठेवले. २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. एनसीईआरटीची पहिली-दुसरीची नवी पुस्तके २०२३ मध्ये आणि तिसरीचे ‘गणित मेला’ २०२४ मध्ये निघाले. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि पुढच्या इयत्तांची पाळी टप्प्याटप्प्याने येत आहे. या सगळ्यामागचे सूत्र एकच आहे. मुलाने आधी वस्तू हाताळाव्यात, मग त्याबद्दल बोलावे, मग चित्र काढावे आणि शेवटी चिन्ह लिहावे. म्हणजे काड्यांचे गठ्ठे सोडणे-बांधणे आधी आणि ‘हातचा एक’ नंतर. आपल्यापैकी बहुतेकांनी चौथी पायरी आधी गाठली. उरलेल्या तीन कुणाला आपसूक उमगल्या, कुणाला कधीच नाहीत.

न उमगलेल्यांची संख्या थोडीथोडकी नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांना घरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांनाच दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमली. पाचवीतल्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी ३०.७ टक्के होती. २०२२ च्या तुलनेत हे आकडे सुधारलेले आहेत, हे खरे. पण त्या सुधारणेचे सगळे श्रेय नव्या पद्धतीला देता येणार नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही मुले शाळेत जात होती आणि उभी मांडणी त्यांना शिकवलेली होती. ५२ वजा २७ चे उत्तर अशी मुले हमखास ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढायचे, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले. रीत वरवर पाठ आहे, पण ५२ मधला पाच म्हणजे पन्नास आहे, हे रीतीच्या बाहेरच राहिले. सत्तावीसमध्ये ३५ मिळवून पाहावेत, बासष्ट होतात, म्हणजे आपले काहीतरी चुकले, ही साधी शंकाही अशा मुलाला येत नाही. रेघेवर उड्या मारणाऱ्या मुलाला मात्र ती येते, कारण २७ पासून ५२ किती दूर आहे, याचा अंदाज त्याच्या डोळ्यांपुढे असतो.

रीत आणि समज यांची अशी फारकत होऊ शकते, याचा एक गाजलेला पुरावा ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टेरेझिन्या न्यूनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडून हिशेब करवून घेतले. विक्री करताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. ३५ चा एक असे चार नारळ किती, हे तोंडी बरोबर सांगणाऱ्या मुलाने कागदावर ३५ गुणिले ४ चे उत्तर २०० काढले. चार पाचे वीस, हातचे दोन; ते दोन आधीच तिनात मिळवले, पाच झाले, चार पाचे वीस. नारळ विकताना त्याने असले उत्तर क्षणभरही खपवून घेतले नसते. त्या अभ्यासात मुले पाचच होती, असा आक्षेप रास्त आहे. पण २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतल्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास मांडला आणि चित्र तेच निघाले. बाजारात काम करणारी मुले गुंतागुंतीचे व्यवहार मनात करतात, शाळेच्या पद्धतीचे गणित दिले की अडखळतात. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचे नेमके उलटे. दोन्ही गटांना एकेक अर्धेच गणित मिळाले आहे. नवा अभ्यासक्रम ही दोन अर्धी जोडू पाहतो. रेघेवरच्या त्या उड्या म्हणजे तरी काय? पन्नासची नोट आणि दोनचे नाणे घेऊन सत्तावीस रुपयांच्या मालावर सुटे परत देणारा दुकानदार असेच मोजतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ‘सत्तावीस’ ऐकताना मुलाच्या कानावर सात आधी पडतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहायचा. २७ च्या जागी ७२ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात, ती यामुळेच. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस यांसारखी नावे पुढच्या दशकाकडे बोट दाखवतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. प्रकरण विधिमंडळात गेले, विनोद झाले, मराठी बुडाल्याची ओरड झाली. गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर सांगत राहिल्या, की जुनी नावे काढलेली नाहीत, दोन्ही रीती शेजारी ठेवल्या आहेत. ‘वीस एक’ हे नाव बाजारात चालावे, अशी अपेक्षा नव्हती. दशक आणि एकक ओळखायला ती शिडी होती. नॉर्वेने तर १९५१ मध्ये संसदेच्या निर्णयाने ‘एक आणि वीस’ हा क्रम बदलून ‘वीस एक’ असा अधिकृत केला. जुना क्रम तिथे आजही बोलण्यात ऐकू येतो आणि कुणाचे बिघडले नाही. भाषेचे प्रेम आणि मुलाची अडचण या दोन्ही गोष्टींना एकाच वेळी जागा देता येते, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

‘आमच्या वेळी असले काही नव्हते, तरी आमचे गणित पक्के झाले’ हा आक्षेप सर्वांत जुना. पण ‘आमची वेळ’ तरी स्थिर कुठे होती? आजोबा-पणजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा घोकली. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते, तेव्हा ते पाढे पोटापाण्याचे होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-मीटर आले आणि औटकी शाळेतून गेली. गणित बुडाले नाही. व्यवहार बदलला की शाळेतले गणित बदलते. आज हिशेब मोबाइल करतो. त्यामुळे बोटे वेगाने चालवण्याची किंमत घटली आहे आणि पुढ्यात आलेले उत्तर शक्य आहे की अशक्य, हे ओळखण्याची किंमत वाढली आहे. राहिला ‘पक्के झाले’ हा दावा. ज्यांचे झाले ते हे सांगायला पुढे येतात. ज्यांचे झाले नाही त्यांनी दहावीनंतर गणिताचे नाव टाकले आणि ते या चर्चेत बोलत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उड्या, गठ्ठे, चित्रे यांत वेळ जातो; पाढे कच्चे राहिले तर शिष्यवृत्ती परीक्षेत मूल मागे पडेल. यात तथ्य आहे. सात आठे किती, यावर दर वेळी अडावे लागले, तर मोठ्या गुणाकारात लक्ष कशावर ठेवणार? सरावाला पर्याय नाही. मात्र सराव टाकून द्या, असे नव्या आराखड्यात कुठेही नाही. गणिताच्या तासासाठी त्यात चार भाग सुचवले आहेत : तोंडी गणित, कौशल्य शिकवणे, कौशल्याचा सराव आणि गणिती खेळ. पाढेही पाठ व्हायलाच हवेत. पण सहा चौदे चौऱ्याऐंशी हे आठवले नाही, तर सहा दाहे साठ आणि सहा चोक चोवीस असे ते जोडता येणे ही पाढ्याची खरी पकड. उलट अर्थ न कळलेल्या रीतीचा वेग क्लास लावून विकत घेतला, तर तो अपूर्णांकांपर्यंत टिकतो. तिथे ‘छेद सारखे करा’ ही आणखी एक मंत्रवजा ओळ होते आणि घसरण सुरू होते.

तिसरा आक्षेप खोडून काढता येत नाही, तो मान्यच करायला हवा. चांगली कल्पना वाईट राबवली तर मुलांचेच नुकसान होते. अमेरिकेत १९५७ च्या सोव्हिएत स्पुटनिक उपग्रहानंतर ‘न्यू मॅथ’ची लाट आली, प्राथमिक वर्गांत संच आणि वेगवेगळ्या पायांच्या संख्यालेखन पद्धती आल्या. शिक्षकांची पुरेशी तयारी नव्हती, पालकांना मुलांच्या वहीतले काही कळेना. १९७३ मध्ये मॉरिस क्लाइन यांनी त्यावर कडक टीकेचे पुस्तक लिहिले आणि काही वर्षांत ती लाट ओसरली. आपल्याकडचा बदल उलट दिशेने, वस्तूंकडून चिन्हाकडे जाणारा आहे. पण धोका तोच आहे. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना प्रत्येक मुलाचे म्हणणे ऐकायला वेळ कुठून मिळणार? उड्यांची ही संख्यारेषाही समज न देता घोकून घेतली, तर तीही आणखी एक रीतच होईल. म्हणून पालकांनी पुस्तकावर चिडण्याऐवजी पालकसभेत नेमके विचारावे. तोंडी गणिताला रोज वेळ मिळतो का? गणित पेटी कपाटात आहे की मुलांच्या हातात? उभी मांडणी कोणत्या महिन्यात येणार आहे?

घरी करायचे त्याहून सोपे आहे. ‘उत्तर किती आले?’ याआधी ‘कसे काढलेस?’ असे विचारावे आणि उत्तर बरोबर असतानाही विचारावे, म्हणजे हा प्रश्न चूक दाखवणारा वाटणार नाही. मुलाने ५२ आणि २७ दोन्हींत तीन-तीन मिळवून ५५ वजा ३० केले, तर त्याला संख्यांतले अंतर कळले आहे, हे ओळखावे. भाजीचा हिशेब, एसटीच्या तिकिटाचे सुटे, सापशिडीत शंभरला किती उरले, एवढे साहित्य प्रत्येक घरात आहे. शाळेत उभी मांडणी येईपर्यंत ती घरी शिकवू नये. ती येणारच आहे, आणि मोठ्या संख्यांसाठी तिच्याइतकी आटोपशीर रीत नाही. फक्त ती येईल तेव्हा तिच्यातला ‘हातचा’ म्हणजे सुटा केलेला दशक आहे, हे मुलाला आधीच ठाऊक असले पाहिजे. बदललेल्या अभ्यासक्रमाची परीक्षाही याच कसोटीवर घ्यावी. वर्षअखेर मूल स्वतःचे चुकलेले उत्तर स्वतः पकडू लागले असेल, तर बदल रुजला. तसे होत नसेल, तर पुस्तक कितीही नवे असो, शाळेला जाब विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.