एका देठावरचा संसार

गांधीलमाशीचे पोळे पाहिले की नजर जाते ती षट्कोनी घरांकडे, आणि कौतुकही तिथेच संपते. पण षट्कोन मधमाश्याही करतात. अधिक विचार करण्याजोगा आहे तो वरचा देठ. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचा सारा संसार काडीएवढ्या देठावर लोंबत असतो. असे का? याचे उत्तर मुंग्यांपाशी सापडते, असे मला वाटते.

ही माशी वाळक्या काड्यांवरचे, जुन्या लाकडावरचे तंतू जबड्याने खरवडते, लाळेत चघळून त्यांचा लगदा करते आणि तो पातळ थापून भिंती उभारते. लगदा वाळला की झाला कागद. (युरोपात कागद चिंध्यांपासून करत, त्या काळात, १७१९ साली, फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी या माश्यांकडे बोट दाखवून लाकडापासूनही कागद करता येईल असे सुचवले होते.) प्रत्येक घरात एक अंडे, त्यातून निघालेल्या अळीला मोठ्या माश्या चावून मऊ केलेले किडे भरवतात. म्हणून घरांची तोंडे उघडी ठेवावी लागतात, आणि आत पळता न येणारी गुबगुबीत अळी. मुंग्यांना याहून मोठी मेजवानी कोणती? मात्र कामकरी मुंगीला पंख नसतात. तिला वाट एकच, देठाची. तो जितका बारीक तितका राखायला सोपा. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट जीन यांनी १९७० साली दक्षिण अमेरिकेतल्या अशाच एका गांधीलमाशीबद्दल दाखवून दिले, की ती पोटाच्या टोकाकडचा स्राव देठाला फासते आणि त्या वासाने मुंग्या मागे फिरतात.

कोणी म्हणेल, ही तर कागदाची काटकसर. पण काटकसरच करायची, तर पोळे सरळ तुळईला चिकटवले असते; तुळईच घरांचे छत झाली असती. उलट पोळे वाढते तशी माशी देठावर लाळेचे थर चढवून तो मजबूत करत राहते. मग भिंतीला मातीचे घर लिंपणाऱ्या कुंभारीण माशीचे काय? तिला देठ लागतच नाही, कारण ती लुळे केलेले कोळी किंवा सुरवंट आत भरते, अंडे घालते आणि तोंड मातीने बंद करून निघून जाते. रोज उघडे ठेवावे असे दारच तिथे नाही.

खरी अडचण उडत येणाऱ्या शत्रूची. वेस्पा ट्रॉपिका ही मोठी गांधीलमाशी रोपालिडियाच्या पोळ्यांवर धाड घालून अळ्या पळवते, आणि तिच्यापुढे देठ निरुपयोगी. रोपालिडियाला लहान तोंडाच्या, बंदिस्त जागा पसंत पडतात, त्या बहुधा याचसाठी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माश्यांचा अभ्यास केला, तोही जाळीच्या खोलीत. जाळीची भोके अशी निवडली, की रोपालिडिया मोकळेपणी ये-जा करते आणि वेस्पा बाहेरच राहते.